सरांचा तिसरा अध्याय

खोली पाहायला गेले तेव्हा सरांनी मला कोण, कुठली, काय खाता, पाहुणे किती येतात, यातलं काहीच विचारलं नाही. ते पायरीवर बसून पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांना पॉलिश लावत होते. एक बूट संपवून दुसरा हातात घेतल्यावर त्यांनी वर पाहिलं.

"मॅडम, तुमच्या शाळेत एका पोट्ट्याच्या चुकीसाठी आख्ख्या वर्गाले सजा देत होते का?"

मी म्हटलं, "देत होते."

"मग ते बरोबर होतं का चूक?"

मला खोली हवी होती. मध्य प्रदेशात पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला आणि माझी बदली तिथल्या नव्या कचेरीत झाली. पण जिल्हा झाल्यापासूनच पांढुर्ण्यात बरी खोली मिळेनाशी झाली होती, म्हणून सौंसरला राहून रोज बसनं जायचं मी ठरवलं होतं. मी अंदाज घेत म्हटलं, "चूकच होतं."

"राहाले या," सर म्हणाले आणि दुसऱ्या बुटाला लागले.

सर म्हणजे निवृत्त पी.टी. शिक्षक. निवृत्त झाल्याचं त्यांना शाळेनं कळवलं होतं, पण त्यांनी स्वतः ते फारसं मनावर घेतलं नव्हतं. गळ्यात शिट्टी असायचीच. आत काकूंच्या कुकरची शिट्टी झाली की सर अंगणातून आपली शिट्टी वाजवून तिला उत्तर द्यायचे. काकूंना त्यामुळे कुकरच्या शिट्ट्या कधीच नीट मोजता यायच्या नाहीत, आणि त्या घरातली डाळ एक तर दाताखाली यायची नाही तर पाणी व्हायची. संत्रं खाताना सर सगळ्या फोडी ताटलीत एका रांगेत लावत, उंचीप्रमाणे, आणि मग लहानापासून खायला सुरुवात करत. पौर्णिमेला काकूंबरोबर विहारात जात, तिथंही वंदनेआधी मागच्या तीन रांगा सरळ करून मगच बसत.

आता त्या पहिल्या दिवशीच्या प्रश्नाबद्दल सांगते.

माझ्या आधी त्या खोलीत केरळची एक नर्स राहत होती. तिला मराठी शिकायचं होतं म्हणून कुणीतरी तिला मराठीतलं बायबल दिलं होतं. पुढं तिला परदेशात नोकरी लागली. जाताना ती मसाल्याचा डबा, एक प्लॅस्टिकचं स्टूल आणि ते बायबल मागे ठेवून गेली. मसाला काकूंनी संपवला, स्टूल मला मिळालं आणि बायबल सरांकडे गेलं.

सरांनी ते मधूनच उघडलं. निघाला यशया नावाच्या संदेष्ट्याचा तिसरा अध्याय. सर तिथं जे थांबले ते थांबलेच. मी राहायला गेले तेव्हा कित्येक महिने ते त्याच अध्यायावर होते. मधे एकदा त्या नर्सचा फोन आला. तिला मोठा आनंद झाला. ती तिच्या मराठीत म्हणाली, "सर, पुढे वाचा ना. पुढे चांगलं आहे."

सर म्हणाले, "मॅडम, एका धड्याची प्रश्नोत्तरं झाल्याबिगर पुढचा धडा घेत नसतात."

त्या अध्यायात काय आहे, ते मला सरांकडूनच पाठ झालं. लोक माजतात म्हणून देव त्यांना वळण लावायचं ठरवतो. आग नाही, भूकंप नाही. एकेक गोष्ट काढून घेतो. आधी भाकरी आणि पाणी. मग शिपाई, न्यायाधीश, म्हातारेकोतारे, सल्ला देणारे. मग चांगला कारागीर. शेवटी राज्य पोरासोरांच्या हाती जातं. लोक इतके हवालदिल होतात की आपल्याच भावाला धरतात आणि म्हणतात, तुझ्याजवळ अंगरखा आहे ना, मग तूच आमचा पुढारी हो, हा पडका पसारा तू सांभाळ. तो भाऊ म्हणतो, माझ्या घरी भाकरही नाही अन् अंगरखाही नाही, मला नका करू.

"पाहा मॅडम," सर म्हणायचे, "देश कसा बसते हे त्यानं बराबर लिहिलं. लोकाईले वाटते, लढाई होते अन् देश बुडते. तसं नसते. आधी मोटारीचं वायंडिंग करणारा गाव सोडून जाते."

हे त्यांनी हवेतून काढलं नव्हतं. आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीत, नगरपालिकेचं पाणी आलेलं नव्हतं. सगळ्यांची मिळून एक बोअर होती, एक टाकी होती आणि एक पाणी समिती होती. बोअरची मोटार जळली की गज्जू मिस्त्री तिचं वायंडिंग नव्यानं बांधून द्यायचा आणि त्याची मोटार वर्षानुवर्षं चालायची. तो गज्जू नागपूरला निघून गेला. त्याच्यानंतर ज्यानं ज्यानं मोटारीला हात लावला, त्याचं काम पंधरवड्याच्या वर टिकलं नाही. सरांच्या लेखी ही सरळ भविष्यवाणी होती. कारागीर गेला. पाणी गेलं. समितीचे जुने अध्यक्ष राजीनामा देऊन मुलीकडे अमरावतीला जाऊन बसले. आणि मोटारीच्या मोबाईल स्टार्टरचा नंबर कॉलेजातल्या दोन पोरांजवळ राहिला, ती जिथं असतील तिथून मनाला येईल तेव्हा मोटार चालू करायची.

"पोट्ट्याईचं राज्य," सर बोट दाखवून म्हणायचे. बोट बहुतेक वेळा टाकीकडे असायचं.

पण एवढं पटूनही सरांचं त्या अध्यायाशी भांडण होतं, आणि ते देवाशी नव्हतं. देव त्यांनी कधी मानलाच नव्हता. किराणा दुकानवाल्या देवाजींनी एकदा विचारलं, "सर, विहारात जाणारे तुमी, हे कायले वाचून राहिले?"

"दुसऱ्या शाळेतला मास्तर वर्ग कसा सांभाळते, हे पाहाले काय हरकत आहे?" सर म्हणाले. "देव आहे का नाही, तो माहा विषय नाही. शिस्त माहा विषय आहे. अन् ही पद्धत चूक आहे. माजले कोण? वरचे. भाकर कोणाची गेली? सर्वाईची. आख्ख्या वर्गाले सजा देत नसतात. बी.पी.एड.मध्ये पहिल्याच वर्षी शिकवतात हे."

त्याच अध्यायाच्या शेवटी बायकांचे दागिने काढून घेण्याबद्दल लिहिलंय, पैंजणापासून सगळे. सरांनी ते काकूंना वाचून दाखवलं. काकू मेथी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "घमंड केली माणसाईनं, अन् माह्या पायपट्ट्या कायले पाह्यजे त्याले?"

सर तिथल्या तिथं उभे राहिले. "पाहा," मला म्हणाले, "हिनं बी.पी.एड. नाही केलं, तरी हिच्या ध्यानात आलं."

मे महिन्यात मोटार पुन्हा जळली. देवाजी जामसांवलीला हनुमानाला नारळ देऊन आले, एक नवा मिस्त्री मोटार बांधून गेला, पण आता अध्यक्ष कोण होणार यावर गाडी अडली. एका सकाळी देवाजी लेआउटमधल्या पाच-सात जणांना घेऊन सरांच्या अंगणात आले. मी दारातच केस पुसत उभी होते.

देवाजी म्हणाले, "सर, तुमी अध्यक्ष व्हा."

"मी काहून?"

"नगरपालिकेत जा लागते, वीज कंपनीत जा लागते. आमी गेलो तर आमाले बाहेर बसवतात. तुमच्याजवळ कोट आहे ना. कोट घालून माणूस गेला की ते खुर्ची देतात."

सरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. देवाजींनी तो अध्याय वाचलेला नव्हता, त्यांना त्यातल्या अंगरख्याचं काही माहीत असण्याचं कारण नव्हतं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी सरांकडे पाहिलं. मग सर अगदी सावकाश म्हणाले, "माह्या घरी कोट नाही."

आतून काकूंचा आवाज आला. "हाय ना. कालच त पेटीतून काहाडला. मांगं पाहा, वाऊ घातला."

सगळ्यांनी वळून मागे पाहिलं. अंगणातल्या तारेवर सरांचा मरून ब्लेझर उन्हात लोंबत होता. कधीकाळी शाळेच्या संघाबरोबर भोपाळला गेले तेव्हा शिवलेला, खिशावर सोनेरी दोऱ्याचं बोधचिन्ह असलेला. डांबरगोळ्यांचा वास आमच्यापर्यंत येत होता.

"संध्याकाळी सांगतो," सर म्हणाले आणि आत गेले.

दुपारभर ते अंगणात येरझाऱ्या घालत होते. मी कचेरीतून आले तेव्हा फाटकातच त्यांनी मला गाठलं.

"मॅडम, पेच आहे. नाही म्हणलं, तर लिहिल्यासारखंच झालं."

"मग हो म्हणा."

"तेच म्हणतो मी. तो कोटवाला नाही म्हणला, अन् तिथून ते गाव गेलं. देवाची सजा तिथं पक्की झाली, मॅडम. त्यानं हो म्हणलं असतं, तर देवाले दुसरं काही सोचा लागलं असतं." त्यांनी तारेवरच्या ब्लेझरकडे पाहिलं. "पण मे महिन्यात कोट घालाचा म्हणजे..."

सर अध्यक्ष झाले. त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्री उन्हात मरून ब्लेझर घालून ते वीज कंपनीत गेले आणि खरंच त्यांना खुर्ची मिळाली. पाणीही मिळालं, कारण घाम पाहून तिथल्या माणसाला भीती वाटली. येताना लेआउटचं व्होल्टेज नीट करून देण्याचा शब्द घेऊन आले. पहिल्या आठवड्यात सगळे खूश होते. पाणी सोडण्याची वेळ ठरली, ती शिट्टीवर पाळली जाऊ लागली. नळ नसलेल्या घरांच्या बाया टाकीखाली गुंड, म्हणजे पाण्याचे पितळी हंडे, लावायच्या, त्यांना सर 'विश्राम' म्हणेपर्यंत गुंड डोक्यावर घेता यायचा नाही, एवढीच काय ती तक्रार होती.

मग कुणीतरी नळाला चोरून टुल्लू पंप लावला. पंपानं एका घरात पाणी ओढलं जायचं आणि शेवटच्या घरांना नुसता फुसफुस आवाज यायचा. हा पंप देवाजींचा आहे हे आख्ख्या लेआउटला ठाऊक होतं, पण उधारीवर डाळ-तांदूळ देणाऱ्या माणसाचं नाव घेणार कोण. सरांनी टाकीखाली सगळ्यांना जमवलं आणि विचारलं. कुणी बोललं नाही. सर म्हणाले, "ठीक आहे. नाव सांगत नाही तोवर वॉल बंद."

आणि त्यांनी खरोखर बोअरच्या तोंडाशी असलेला मुख्य वॉल, म्हणजे व्हॉल्व्ह, आवळून बंद केला. पाना खिशात घातला.

दोन दिवस लेआउट कोरडं राहिलं. काकू भांडी घेऊन बहिणीकडे गेल्या, त्या भांड्यांबरोबर स्वतःही तिथंच राहिल्या. मी सकाळी पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर तोंड धुऊ लागले. सरांना वाटत होतं, वर्ग आता बोलेल, मग बोलेल. तिसऱ्या दिवशी त्या कॉलेजातल्या पोरांपैकी एकानं छिंदवाड्यात बसून मोबाईलवरून मोटार चालू केली. वॉल बंद आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. पाण्याला जायला वाट नव्हती. मोटार आतल्या आत चालत राहिली, तापली आणि जळली.

सर बोअर पाहून आले. मग मला म्हणाले, "नागपूरले जा लागते. गज्जूच पाह्यजे."

शनिवारी मला सुट्टी होती आणि मला नागपुरात खरेदीही करायची होती, म्हणून मी सोबत गेले. सरांनी ब्लेझर घातलाच होता. बसमध्ये कंडक्टरनं त्यांना तिकीट तपासनीस समजून पुढच्या सीटवरचा माणूस उठवून जागा दिली.

गज्जूचं दुकान कळमन्याकडच्या एका गल्लीत होतं. चाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेला, गळ्यात जाड साखळी घातलेला माणूस, आजूबाजूला मोटारींचा ढीग, हाताखाली दोन कामगार. त्याच्या गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता. त्यानं सरांना पाहिलं आणि शाळकरी पोरासारखा तो खर्रा गिळून टाकला. त्यानंतर थोडा वेळ त्याला बोलता येईना.

"मोटार जळली," सर म्हणाले. "चाल."

गज्जूनं पाणी पिऊन विचारलं, "समितीचा अध्यक्ष कोण हाय आता?"

"मी."

गज्जू परत खुर्चीत बसला. "मंग नाई येत मी."

"काहून?"

"सर, रागावू नका. सातवीत तुमी आमचा आख्खा वर्ग मैदानात पळवला होता. एप्रिलचं ऊन. याद हाय का?"

सरांना आठवत नव्हतं.

"वालीबॉलमध्ये कोणीतरी करकटक खुपसलं होतं. तुमी म्हणले, नाव सांगा, नाई त पळा. कोणी नाव नाई सांगलं. पळालो मंग सर्वे. माह्या पायात काई नव्हतं."

"मी?" सर म्हणाले. "आख्खा वर्ग?"

"आख्खा वर्ग. मॉनिटर बी. तो त रडलाच."

सर एका उलट्या ठेवलेल्या लाकडी खोक्यावर बसले. कॉलरचं बटण काढलं. गज्जूचे कामगार हातातलं काम थांबवून पाहत होते. सर म्हणाले, "कोण्या पोट्ट्यानं केलं होतं?"

गज्जू इतका हसला की त्याला ठसका लागला. "अजून नाव पाह्यजे काय सर तुमाले?"

"नाही, नाही. नको." सरांनी मान खाली घातली. मग हळूच, "पण तुले माहीत आहे?"

"माईत हाय. सांगत नाई."

हे झाल्यावर मात्र गज्जूचा राग गेल्यासारखा दिसला. त्यानं चहा मागवला. चहा पिताना तो म्हणाला, "सर, खरं सांगू काय? तेव्हा माह्या पायाले चटके बसून राहिले होते, त मांगून आमचा एक दोस्त आला. त्यानं आपली एक चप्पल मले देल्ली. एक त्याच्या पायात, एक माह्या. लंगडत लंगडत दोघं पळालो. ते पाहून बाकीच्यायनं बी तसंच केलं. आजही आमी भेटलो का तेच काहाडतो."

सर एकदम सरसावून बसले. "म्हणजे पद्धत बरोबर होती?"

"नाई सर," गज्जू म्हणाला. "पद्धत चूकच होती. चप्पल बरोबर होती."

सरांनी कपातला चहा तसाच ठेवला. मग ते उठले आणि गज्जूसमोर उभे राहून म्हणाले, "माहं चुकलं गज्जू." ते 'सावधान'मध्ये उभे होते. त्यांना दुसऱ्या रीतीनं उभं राहता येत नसावं.

गज्जूनं घाईघाईनं त्यांना बसवलं. "येतो ना सर. उद्याच येतो. पण एक सांगतो, माही मोटार चालू झाल्यावर तुमी वॉलले हात लावाचा नाई."

परतीच्या बसमध्ये बोरगाव मागं पडलं. सर खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "मॅडम, इतके महिने मी त्या देवाले शिकवून राहिलो होतो. त्याची शाळा अन् माही शाळा एकच निघाली." थोडं पुढं गेल्यावर म्हणाले, "पण त्या चपलेचं काही लिहिलं नाही त्या अध्यायात."

"पुढं असेल," मी म्हटलं. "ती नर्स म्हणत होती ना."

"पाहा लागन," सर म्हणाले.

रविवारी सकाळी गज्जू आला. मोटार वर काढली, उघडली आणि आधीच्या मिस्त्र्यांना नावं ठेवत कामाला लागला. सगळं लेआउट बोअरभोवती जमलं होतं. काकूही बहिणीकडून आल्या होत्या, भांडी मात्र अजून तिकडेच होती. मोटार बांधून परत खाली सोडली आणि चालू करायची वेळ आली तेव्हा सर सगळ्यांसमोर आले.

"वॉल मी बंद केला," ते म्हणाले. "चूक एकाची होती, तहानले सगळे. मोटार माह्या सजेनं जळली. म्हणून सजा मले. मैदानाले एक चक्कर." आणि शिट्टी वाजवून ते शेजारच्या शाळेच्या मैदानाकडे पळत सुटले. ब्लेझर अंगावरच होता.

मग काकू ओरडल्या, "अहो, बीपी आहे ना तुमाले," आणि मागे निघाल्या. काकू निघाल्या म्हणून मी निघाले. देवाजी एवढ्या लगबगीनं निघाले की त्यांनी सरांना गोलपोस्टजवळ गाठलं.

"सर," ते धापा टाकत म्हणाले, "तो पंप माहा होता."

"पळता पळता बोलत नसतात," सर म्हणाले आणि पुढं गेले.

हळूहळू सगळं लेआउट मैदानात आलं. सरांना एकट्याला पळू देणं कुणालाच बरं वाटेना. म्हातारे चालत होते, बाया पदर खोचून चालत होत्या, कुणी कुणाचा हात धरला होता. वरात निघाली आहे का मयत, हे लांबून पाहणाऱ्याला कळलं नसतं. अर्धी चक्कर झाली तेव्हा सरांचा वेग चालण्यापेक्षाही कमी झाला होता. चेहरा ब्लेझरच्या रंगाचा झाला होता. देवाजींनी त्यांच्या काखेत हात घातला होता आणि सर तो हात काढत नव्हते.

तेवढ्यात बोअरकडून गज्जूची आरोळी आली.

"पाणी आलं!"

दोन दिवसांची नव्हे, आता चांगली आठवडाभराची तहान होती. आख्खं लेआउट जे वळलं ते मैदान तिरपं कापून पळालं. म्हातारे पळाले, बाया पळाल्या. काकू, ज्यांना गुडघ्यांमुळे विहाराच्या पायऱ्या चढवत नसत, त्या माझ्यापुढून गेल्या. देवाजींनी सरांचा हात सोडला, "येतो सर" म्हणाले आणि नाहीसे झाले. मैदानाच्या मध्यभागी सर आणि मी उरलो.

सर गुडघ्यांवर हात टेकून, वाकून श्वास घेत होते. त्यांनी मान वर करून त्या पळणाऱ्या लोकांकडे पाहिलं. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

"पाहा मॅडम," ते म्हणाले, "पूर्ण नोकरीत मी इतकं कोणाले पळवू शकलो नाही."

मग ताठ झाले, कोट काढून माझ्या हातात दिला, म्हणाले, "चला, आपलाही ड्रम रिकामाच आहे," आणि स्वतःही पाण्याच्या दिशेनं पळाले.